चौकशी आणि उलटतपासणी यात फरक काय?
‘पोलिसांनी आरोपीची उलटतपासणी घेतली’ असं अनेकदा लिहिलं जातं. पण पोलीस करतात ती चौकशी. उलटतपासणी होते न्यायालयात, साक्षीदाराची.

साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचा वकील आधी प्रश्न विचारतो, ती सरतपासणी. मग विरुद्ध पक्षाचा वकील त्याच साक्षीतले कच्चे दुवे शोधतो, ती उलटतपासणी. गरज पडल्यास पहिला वकील फेरतपासणी घेतो. १८७२च्या पुरावा कायद्यातला हाच क्रम १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

पोलिसांपुढे दिलेली कबुली सहसा आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. म्हणूनच ‘चौकशीत गुन्हा कबूल’ एवढं वाचून कुणाला दोषी ठरवू नये. साक्षीचा कस लागतो तो उलटतपासणीत.