गारठलेल्या बोटांसाठी चाकू

घरात गुळाची चिक्की आली की ती फोडायचं काम कुणाकडे असतं? आमच्याकडे ते माझ्याकडे होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता. १९९६ च्या मे महिन्यात कॉलेजच्या मित्रांबरोबर कुलूच्या डोंगरात ट्रेकला गेलो, तेव्हाही सॅकमध्ये लोणावळ्याच्या चिक्कीचं अख्खं पाकीट होतं. आमचा तळ बारा हजार फुटांवर, आजूबाजूला बर्फ. संध्याकाळी सगळ्यांना भूक लागली. मी ऐटीत चिक्की बाहेर काढली. ती फरशीसारखी कडक झाली होती!

मग मी माझा नवा चाकू काढला. फुटपाथवरून घेतलेला. बारा हत्यारं एकात! कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू, आणि काही अशी हत्यारं की ती कशासाठी असतात ते मला आजही कळलेलं नाही. मूठ चकचकीत स्टीलची. पातं उघडण्यासाठी त्यावर नखाएवढी बारीक खाच होती. हातमोजे घालून ती सापडेना, म्हणून मोजे काढले. तिसऱ्या प्रयत्नात नख तुटलं, पण पातं उघडलं. टोक चिक्कीत खुपसलं आणि दाबलं. पातं मागे वळलं आणि टपकन माझ्या तर्जनीवर मिटलं.

सांगायची गोष्ट पुढेच आहे. मला काही कळलंच नाही! दुखलं नाही, झोंबलं नाही. बर्फावर लाल ठिपके दिसले तेव्हा शेजारचा मित्र ओरडला, “अरे, तुझं बोट बघ!” आमच्या पहाडी लीडरने पट्टी बांधता बांधता एवढंच म्हटलं, “पहले हाथ गरम करो, फिर चाकू निकालो।” त्या जखमेची पांढरी रेघ अजून बोटावर आहे.

हल्ली तुमच्यापैकी किती तरी जण शाळेच्या किंवा क्लबच्या ग्रुपबरोबर बर्फातल्या ट्रेकला जाता. सामानाच्या यादीत टॉर्च, कानटोपी, लोकरीचे मोजे यांच्या खाली कुठे तरी ‘घडीचा चाकू’ असं लिहिलेलं असतं. दुकानात गेलं की प्रश्न पडतो, कुठला घ्यायचा? शंभर रुपयांचाही असतो आणि पाच हजारांचाही. बहुतेक जण विचारतात, “हा बर्फात टिकेल का?” मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. आपण जातो त्या थंडीत बऱ्या पोलादाच्या चाकूला काहीही होत नाही. होतं ते आपल्या हाताला. बोटांची कातडी पंधरा अंश सेल्सियसच्या खाली गेली की त्यांचं कसब कमी व्हायला लागतं. सात-आठ अंशांपर्यंत उतरली की स्पर्शच नीट कळत नाही. म्हणजे चाकू निवडायचा तो अशा बधिर, बावळट झालेल्या हाताला झेपेल असा.

पहिली पाहायची ती मूठ. एक प्रयोग करा. रात्री एक स्टीलचा डाव आणि एक लाकडी उलथनं फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी एका हातात हे, दुसऱ्या हातात ते धरा. (हात कोरडे हवेत आणि जीभ लावायची नाही! गार धातूवर ओलावा क्षणात गोठतो आणि जीभ चिकटून बसते.) डाव हाताला चावेल, उलथनं मुकाट बसेल. खरं तर रात्रभर एकाच जागी राहिल्यामुळे दोन्ही सारखीच गार आहेत. फरक आहे तो उष्णता ओढून घेण्याच्या वेगात. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता लाकडाच्या सुमारे शंभरपट सहज वाहते आणि ॲल्युमिनियममधून तर हजारपटींहून जास्त. माझी ती चकचकीत मूठ माझ्या बोटांतली ऊब पंपासारखी खेचून घेत होती. म्हणून थंडीसाठी मूठ लाकडाची किंवा चांगल्या प्लास्टिकची घ्यावी. पण प्लास्टिक अगदी हलक्या प्रतीचं नको, ते गारठ्यात ठिसूळ होतं आणि दगडावर पडलं की तडकतं.

ही अक्कल आजची नाही बरं का! १९९१ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्समध्ये तीन हजार दोनशे मीटर उंचीवर, बर्फात एक माणूस सापडला. म्हणजे त्याचा देह सापडला, पाच हजार वर्षांहून जुना! त्याला ‘ओट्झी’ म्हणतात. त्याच्याजवळ एक छोटी सुरी होती. पातं गारगोटीच्या दगडाचं, आणि मूठ? लाकडाची.

त्याच आल्प्सच्या फ्रान्सकडच्या बाजूला साव्हॉय नावाचा प्रांत आहे. तिथे १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने एक घडीचा चाकू बनवला. त्याचे वडील कुऱ्हाडी आणि कोयते घडवायचे. जोसेफचा चाकू म्हणजे काय, तर एक पातं, एक लाकडी मूठ, एक खिळा आणि ते सगळं धरून ठेवणारी एक धातूची पट्टी. बस्स! डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या खिशाला तो परवडला, म्हणून तो चालला. १८९७ मध्ये त्याने लहान-मोठे आकार करून त्यांना एक ते बारा असे नंबर दिले. ओपिनेल चाकू आजही तसाच मिळतो. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं असतं. ट्रेकवर संत्रं सोलायला, पाव कापायला, दोरी तोडायला, पट्टीचा तुकडा करायला याहून मोठं पातं लागत नाही. मोठा चाकू घेऊन हिंडणाऱ्यांनी त्याने काय कापलं, ते मी तरी कधी पाहिलेलं नाही.

या चाकूतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९५५ मधली आहे. तोवर उघडलेलं पातं नुसतं घर्षणावर टिकून असायचं. त्या वर्षी मुठीच्या तोंडाशी एक फिरतं कडं बसवलं गेलं. पातं उघडायचं, कडं थोडं फिरवायचं, की पातं मिटूच शकत नाही. पुढे त्यात सुधारणा झाली आणि मिटलेलं पातंही अडकवून ठेवता येऊ लागलं. म्हणजे खिशात किंवा सॅकमध्ये ते आपोआप उघडणार नाही. माझ्या चाकूला असं कडं असतं तर बोटावर रेघ नसती. लक्षात ठेवा, ओपिनेलच्या अगदी छोट्या आकारांना हे कडं नसतं, सहा नंबरपासून पुढे असतं. मुलांसाठी एक वेगळा प्रकारही निघतो. त्याच्या पात्याचं टोक गोल असतं. हिमालयात टोक खुपसायचं काही काम नसतं, म्हणून माझ्या मते शाळकरी मुलांना तोच बरा.

तुम्ही हाच चाकू घ्या असं मी म्हणत नाही. कुठलाही घ्या, पण पातं उघडल्यावर पक्कं अडकलं पाहिजे. खटके बरेच प्रकारचे असतात. काही चाकूंमध्ये मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते आणि चाकू मिटताना ती अंगठ्याने बाजूला सारावी लागते. तेव्हा अंगठा पात्याच्या वाटेवरच येतो. एरवी ते ठीक आहे, पण बधिर अंगठ्याला वाट कळत नाही. फिरतं कडं किंवा मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका त्यापेक्षा बरा. आणि स्विस चाकू? फार छान असतात, पण त्यांतल्या बऱ्याच लहान चाकूंचं पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. घेताना विचारून घ्या.

दुकानातच परीक्षा करा. लोकरीचे हातमोजे बरोबर न्या आणि ते घालून चाकू उघडून, मिटून पाहा. दुकानदार हसेल, हसू दे. मोजे घालून उघडत नसेल तर तो चाकू बर्फात तुमच्या कामाचा नाही. खटक्याची परीक्षा मात्र आईने किंवा बाबांनी करायची. पातं अडकवून, बोटं बाजूला ठेवून, पात्याची बोथट पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबायची. खटका सुटला तर चाकू परत.

आता पातं. जुन्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं कसं काळं पडतं, ते आजीला विचारा. साधं पोलाद तसंच असतं. धार झकास लागते, पण ओलं राहिलं की गंजतं. पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की ते ‘स्टेनलेस’ होतं, म्हणजे त्याला गंज लवकर धरत नाही. मोठी माणसं धारेसाठी साधं पोलाद पसंत करतात. पण तुम्ही संध्याकाळी दमून चाकू पुसायचं विसरणार, हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही स्टेनलेसच घ्या. तरीसुद्धा चाकू बाहेरच्या थंडीतून तंबूच्या उबेत आणला की फ्रिजमधल्या बाटलीसारखं त्यावर पाणी धरतं. तो पुसून, थोडा वेळ मोठ्या माणसाजवळ उघडा ठेवून, मगच मिटायचा.

लाकडी मुठीची एक खोड आहे, ती लपवून ठेवणं बरं नाही. पावसाळ्यात कोकणातली दारं कशी फुगून चौकटीत अडकतात? बर्फाचं पाणी प्यायलं की मूठही तशीच फुगते आणि पातं आत रुतून बसतं. साव्हॉयच्या लोकांची यावर एक युक्ती आहे. मिटलेल्या चाकूचं कडं मोकळं करायचं आणि मुठीचा मागचा बुडखा लाकडावर ठक्कन आपटायचा. पातं थोडं वर येतं आणि बोटात धरता येतं. पण त्यापेक्षा निघण्याच्या आठवडाभर आधी मुठीला जवसाचं तेल चोळून वाळवा. क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच! पाणी आत शिरणं बरंच कमी होतं.

आणि बिजागरीत तेल घालायचं असेल तर खोबरेल मुळीच नको. थंडीच्या सकाळी डोक्याला लावायला बाटली उलटी केली तर तेल बाहेर येतं का? खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. बर्फात तर त्याचं मेणच होईल आणि चाकू उघडणारच नाही. शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब पुरतो.

पैशांचं सांगायचं तर चाकूतली हत्यारं वाढतात तशी किंमत तरी वाढते किंवा दर्जा तरी घसरतो. माझ्या बारा हत्यारांच्या चाकूत दर्जा घसरलेला होता. एक पातं, एक पक्का खटका, एक उबदार मूठ, एवढ्यालाच पैसे द्या. उरलेल्या पैशांतून हातमोज्यांचा दुसरा जोड घ्या, कारण पहिला ओला होणार आहे. मुठीला भोक असेल तर त्यात लाल किंवा केशरी दोरी बांधा. भुसभुशीत बर्फात पडलेला चाकू बुडतो आणि नुसतं एक भोक मागे राहतं. दोरी दिसली तर तो सापडतो.

आई-बाबांनो, थोडं तुमच्याशी. चाकू मुलाच्या हातात नवा कोरा बर्फात द्यायचा नाही. आधी दोन महिने घरी, ओट्याजवळ, तुमच्यासमोर काकडी, पेरू, सुतळी कापू दे. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं, दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचा, आणि पडणारा चाकू झेलायला हात पुढे करायचा नाही, हे घरीच अंगवळणी पडायला हवं. बोथट चाकू जास्त घसरतो, म्हणून निघण्यापूर्वी धार लावून घ्या. ट्रेकच्या प्रमुखांना आधी विचारा, काही ठिकाणी चाकू मोठ्यांकडेच ठेवतात आणि ते योग्यच आहे. दप्तरात चाकू कधीच नको, शाळेत गंमत म्हणून दाखवायलासुद्धा नको. विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सोपवायच्या सामानात ठेवावा लागतो. दरवर्षी किती तरी चांगले चाकू विमानतळावरच्या डब्यात जमा होतात!

तळावर चाकू काढण्यापूर्वी हात काखेत धरा किंवा चहाच्या पेल्याभोवती गुंडाळा. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून पाहा. प्रत्येक टोक नीट जाणवलं की मगच पातं उघडा. एखादं बोट ‘हजर’ म्हणत नसेल तर पाव तोडून खा, संत्रं नखाने सोला. कडक गोठलेलं चॉकलेट किंवा चीज हातात धरून तर कापूच नका, सपाट काही तरी खाली घ्या.

आणि चिक्की? ती मी आता निघायच्या आदल्या रात्री घरीच फोडतो, वरवंट्याने, आणि डब्यात भरून नेतो.