परक्या देहातला मुक्काम

शारदीय नवरात्रात तुळजापुरात संबळ वाजू लागला की आराधी बायकांच्या अंगात वारं येतं. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, केस मोकळे. लोक वाकून पाया पडतात. तीच बाई पुढे घरी घुमू लागली आणि मेलेल्या जावेच्या आवाजात बोलली, तर तिला लागीर झालं म्हणतात. देव अंगात येतो, भूत धरतं. हा भेद धाराशिव जिल्ह्यात लहान पोरालाही कळतो.

धरणारे बहुधा अर्ध्यावर गेलेले असतात. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ. देवऋषी विचारतो: कोण तू, कुठून आलास, काय पाहिजे? मग मागणी होते. साडीचोळी, कोंबडं, कधी नुसता दहीभाताचा उतारा. मेलेल्याची राहिलेली इच्छा जिवंत माणसाच्या तोंडून वदवली जाते आणि घर ती पुरवतं.

परक्या देहात शिरण्याच्या या कल्पनेचं सर्वांत थोर रूप महानुभाव पंथात आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राप्रमाणे भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव वारला. त्याच सुमारास द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि हरिपाळाच्या प्रेतात प्रवेश केला. चितेवरून उठले ते पुढे या पंथाचे संस्थापक चक्रधर झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ परकायाप्रवेशाला अवतारकार्याचा मान देतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या काळातली नोंदलेली घटना नागपूरची. 1974 मध्ये तिथली एक अविवाहित मराठी अध्यापिका अधूनमधून ‘शारदा’ होऊ लागली. शारदा बंगाली बोले, विवाहित बंगाली स्त्रीसारखी राही, घरच्यांना ओळखत नसे, मराठी तिला कळत नसे. आपल्याला साप चावला, एवढंच शेवटचं आठवतं, असं ती सांगे. तिने घेतलेली नातलगांची नावं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका बंगाली घराण्याच्या वंशावळीत सापडली. इयान स्टीव्हन्सन, सतवंत पसरिचा आणि अकोलकर या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. त्या बाई आधी थोडं बंगाली शिकल्या होत्या, यावर शंका घेणाऱ्यांनी बोट ठेवलं. मला तो आक्षेप वजनदार वाटतो, तरी सगळं कोडं त्याने उलगडत नाही.

मात्र शारदेला कुणी साखळदंडाने बांधलं नाही, तिचं ऐकून घेतलं. गावातल्या सुनेच्या वाट्याला हे क्वचितच येतं. एरवी जिचं कुणी ऐकत नाही, ती घुमू लागली की सगळं घर समोर बसतं. आणि देवऋषी आला की तिलाच मार पडतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. त्यातून आलेल्या कायद्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम याच माराबद्दल आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं.

तुमच्या घरात कुणी असं बोलू लागलं, तर त्या भुताला नाव विचारण्याआधी त्या बाईला काय सोसावं लागतंय ते विचारा. आणि 14416 या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन करा.