पाच रेघांची चाळ

पेटीवर हात फिरवण्यात माझे उभे आयुष्य गेले. भजनी मंडळाची साथ केली, नाट्यगीतांच्या बैठका केल्या, गणेशोत्सवात तर रात्री-रात्री जागून काढल्या. ‘काळी चार’ म्हटले की बोट आपोआप योग्य पट्टीवर जाते. त्यामुळे स्वरांतले आपल्याला कळते, असा माझा गोड गैरसमज होता. तो १९९४ साली माझ्याच मुलीने दूर केला.

ती तेव्हा पियानो शिकू लागली होती. लंडनच्या संगीत-संस्थांच्या परीक्षा मुंबईत बसून देता येतात, त्यातली पहिली लेखी परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, सी मायनर म्हणजे काय हो?”

मी म्हणालो, “तसले आपल्यात नसते.”

खरे तर मला येत नव्हते. पण बापाने असे कबूल करायचे म्हणजे कठीणच!

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गोवेकर गृहस्थ राहत. सारे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. सिनेमाच्या वाद्यवृंदांत त्यांनी तीस-एक वर्षे व्हायोलिन वाजवले होते. पुढे सिंथेसायझर आले, चाळीस वादकांचे काम एक यंत्र करू लागले आणि मास्तर घरी बसले. मुलीला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते हसून म्हणाले, “शिकवतो. पण पेटीवाले, तुम्हीही बसायचे. पेटी घेऊन!”

पोटमाळ्यापासून गच्चीपर्यंत

मास्तरांनी कागदावर पाच आडव्या रेघा ओढल्या. “ही चाळ समजा. काही बिऱ्हाडे रेघेवर राहतात, काही दोन रेघांच्या मधल्या जागेत. वर चढाल तसा स्वर चढतो.” डाव्या हाताला त्यांनी एक वेलांटीदार चिन्ह काढले. त्याला म्हणतात ट्रेबल क्लेफ. त्याचा वेढा ज्या रेघेभोवती पडतो, तिच्यावर ‘जी’ हा स्वर, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. एका बिऱ्हाडाचा पत्ता लागला की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पत्ते आपोआप लागतात. पांढरी एक, म्हणजे ‘सी’, हा सा धरला तर पाच रेघांवर खालून वर ग, प, नी आणि तार सप्तकातले रे, म येतात. मधल्या चार जागांत म, ध, तार सा आणि तार ग. आणि मध्य सा? त्याला चाळीत जागाच नाही! तो खाली स्वतःची एक तोकडी रेघ घेऊन उभा असतो.

ही व्यवस्था हजार वर्षांची आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्वीदो नावाच्या साधूने रेघांची पद्धत बसवून दिली. त्याच्या रेघा चार होत्या. एका लॅटिन स्तोत्रातील ओळींची आद्याक्षरे घेऊन त्याने स्वरांना उत्, रे, मी, फा, सोल, ला अशी नावे दिली. पुढे ‘उत्’चा ‘दो’ झाला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुले हेच सोल्फेज घोकत. मास्तरही तिथेच शिकले.

आपला सा फिरता, गायकाच्या गळ्याप्रमाणे बसणारा. त्यांचे स्वर मात्र जागचे हलत नाहीत. ‘ए’ या स्वराची सेकंदाला ४४० कंपने, हे माप १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. स्वराआधी शार्प लावला की तो अर्धा स्वर चढतो, फ्लॅट लावला की तेवढाच उतरतो. आपले तीव्र-कोमलच म्हणा!

“आता मेजर म्हणजे काय? वाजवा बघू सगळे शुद्ध स्वर.” मी वाजवले. “हाच मेजर. तुमचा बिलावल. आता ग, ध, नी कोमल करा.” मी म्हणालो, “हा तर आसावरी थाट!” मास्तर मुलीकडे वळले, “बघ पोरी, तुझ्या बाबांना सी मायनर लहानपणापासून येतो.” मायनरमध्ये पुष्कळदा नी शुद्ध घेतात, मग तो आपल्या कीरवाणीजवळ जातो, हेही त्यांनी वाजवून दाखवले. त्या दिवशी मी जिना चढलो तो तरंगतच!

एक सा, चार चेहरे

पण खरा धक्का पुढेच होता. मी एकदा बोलून गेलो, “मास्तर, तुमच्या संगीतात सगळे आहे, पण मींड नाही, रागाचा विस्तार नाही.” ते रागावले नाहीत. पेटी स्वतःकडे ओढून म्हणाले, “तुम्ही फक्त सा लावा. सोडू नका.”

मी सा लावला. त्यांनी सा-ग-प एकदम दाबले. हा मेजर कॉर्ड. ऊन पडल्यासारखे वाटले. मग ग कोमल केला, तो मायनर. त्याच सावर ढग आले. मग म-ध-सा दाबले, माझा सा एकाएकी दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेल्यासारखा झाला. शेवटी कोमल ध, सा, कोमल ग. घशात काहीतरी दाटून आले. मी तर एकच स्वर धरून होतो!

“ही हार्मनी,” मास्तर म्हणाले. “तुमच्याकडे स्वर प्रवासाला निघतो. आमच्याकडे तो घरी बसतो आणि भोवतीची माणसे बदलतात.”

याची किंमतही मोजावी लागते. कोणत्याही पट्टीतून कॉर्ड चालावेत म्हणून सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडतात. त्यात शुद्ध गंधार आपल्या सुरेल गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा लागतो. पेटी मूळची पॅरिसची. डेबेन नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. हा चढा गंधार ती तिकडूनच घेऊन आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली त्यामागे ही तक्रारही होती. ती बंदी सैल व्हायला १९७०चे दशक उजाडले.

गप्प बसण्याचीही खूण

लयीची नावे इटालियन. लार्गो म्हणजे अतिविलंबित, आंदान्ते चालीचा, आलेग्रो द्रुत, प्रेस्तो त्याहून धावता. पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. दोन्ही करता येते म्हणून वाद्याचे नाव पियानोफोर्ते! चार मात्रांचा स्वर सेमीब्रीव्ह, दोनचा मिनिम, एकीचा क्रॉचेट, अर्धीचा क्वेव्हर. आणि प्रत्येकाच्या जोडीला तेवढ्याच लांबीच्या शांततेची खूण, तिला म्हणतात रेस्ट. “वाजवायला सगळेच शिकतात,” मास्तर म्हणत, “गप्प बसायला मोजावे लागते.”

ते स्वतः आयुष्यभर गप्पच राहिले होते. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि चाळीस वादकांसाठी ती कागदावर उतरवायची कोणी तरी गोवेकराने, असा त्या काळचा रिवाज. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसूझा यांनी हे काम केले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७च्या चित्रपटातील एका गाण्यामुळे घरोघरी पोचले. पण साध्या वादकांची नावे पडद्यावर येत नसत. कोणत्या गाण्यात वाजवलेत, असे विचारले की मास्तर म्हणत, “नाव कोण सांगत होते? कागद यायचा, वाजवायचे.”

मुलगी परीक्षा पास झाली. तीन वर्षांनी मास्तर गेले. घर रिकामे होत असताना रद्दीवाल्याच्या तराजूत पिवळ्या कागदांचा एक गठ्ठा दिसला. पूर्वी मी त्याकडे पाहिलेही नसते. पण पाच रेघा ओळखीच्या झाल्या होत्या ना! वजनाच्या भावाने मी तो सोडवून घेतला.

एका कागदावर ‘सेकंड व्हायोलिन’ एवढेच लिहिलेले, गाण्याचे नाव नाही. पेटीवर वाजवून पाहिले. एक लांब स्वर, सात बार शांतता, मग दोन स्वर, पुन्हा शांतता. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “पेटी बिघडली का हो?” अर्थ लागेना. एकट्याच्या कागदात गाणे नसते, हे तेव्हा समजले.

पुढे एका रविवारी रेडिओवर जुने गाणे लागले. सुरुवातीचा तो लांब स्वर ऐकून मी चमकलो, धावत जाऊन कागद काढला आणि बोटांवर मोजू लागलो. एक बार, दोन, तीन... सात. गायिका श्वास घेण्यासाठी थांबली आणि तिच्या पाठीमागून ते दोन स्वर आले, अगदी हलके, ‘पियानो’.

हे गाणे मी शेकडो वेळा ऐकले होते. मास्तर मात्र त्यात मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटले.