झाडाच्या खोडावरचा कागद : वृक्ष प्राधिकरण आणि आपण

रस्त्याकाठच्या जुन्या वडाच्या खोडावर डकवलेला, पावसाने शाई फुटलेला, वृक्षतोडीवर हरकती मागवणारा महापालिकेचा कागद न वाचताच आपण पुढे जातो. परंतु ज्या कायद्याने तो तेथे लावणे बंधनकारक केले, तो १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम नगराच्या कारभारात सामान्य नागरिकालाही स्थान देतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

या अधिनियमान्वये स्थापन होणाऱ्या वृक्ष प्राधिकरणावर नगरसेवकांच्या जोडीने वृक्षांचे विशेष ज्ञान असलेल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमता येतात. वृक्षतोडीच्या अर्जांचा निर्णय करणे आणि दर ५ वर्षांनी वृक्षगणना करविणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण लाभले.

म्हणून मित्रहो, असा कागद दिसताच त्याचे छायाचित्र घ्यावे, झाडाचा क्रमांक, तोडीचे कारण आणि हरकतीची मुदत टिपून घ्यावी, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत दाखल करून तिची पोच अवश्य घ्यावी. कारण दफ्तरात नोंद न झालेली हळहळ कोणत्याही वृक्षाच्या कामी येत नाही.