झेंडूचे औषध बाटलीत मावत नाही

सरीत ओल असूनही टोमॅटो भर दुपारी माना टाकतो आणि खताचा हप्ता वाढवला तरी पाने पिवळीच राहतात. झाड उपटले की मुळांवर आल्यासारख्या गाठी दिसतात. मूळगाठ सूत्रकृमीचे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरते आणि तिथल्या पेशी फुगवून त्यांवर पोसते. त्या गाठी म्हणजे सूत्रकृमीने मुळाकडूनच बांधून घेतलेले घर आणि स्वयंपाकघर. मादी चिकट आवरणात शेकडो अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. सूत्रकृमीवर वापरल्या जाणाऱ्या फोरेट या रासायनिक औषधावर २०२० च्या अखेरीस बंदी आली, तेव्हापासून वनस्पतिजन्य औषधांच्या बाटल्यांकडे ओढा वाढणे साहजिक आहे. पण नैसर्गिक द्रव्याचा गुण बाटलीत शोधणे हीच मूळ चूक आहे.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत लसणाचा किंवा कडुनिंबाचा अर्क सूत्रकृमी मारतो, हे खरे. जमीन म्हणजे काचेची बशी नाही. तिथे मातीचे कण द्रव्याला धरून ठेवतात, जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अंडी चिकट आवरणात सुरक्षित राहतात. अबामेक्टिनचेच पाहा. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेल्या ज्या द्रव्यकुळाच्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले, त्यातलेच हे अस्सल नैसर्गिक द्रव्य. सूत्रकृमीवर जालीम, पण मातीला इतके चिकटते की फार दूर जातच नाही. म्हणून ते बियाण्याला चोळणे सोयीचे ठरले. द्रव्य किती विषारी, यापेक्षा ते कुठे आणि कधी हजर असते, हा प्रश्न मोठा आहे.

झेंडूने तो प्रश्न मुळातच सोडवला आहे. डच संशोधकांनी १९५८ मध्ये त्याच्या मुळांतील अल्फा-टर्थायनिलचा सूत्रकृमीनाशक गुण दाखवला. कृमी जिथे शिरतो तिथेच हे द्रव्य असते. झेंडूचा पाला किंवा चिरलेली मुळे मातीत मिसळून जिवंत पिकाइतका परिणाम मिळत नाही, यातच सगळे आले. टोमॅटोच्या कडेने चार झाडे लावणेही अपुरे. पूर्ण रान दोन-तीन महिने झेंडूखाली हवे. ‘एक हंगाम वाया घालवायचा का?’ हा आक्षेप इतर देशांत रास्त असेल. आपल्याकडे दसरा-दिवाळीला हीच फुले विकली जातात आणि नंतर त्याच रानात रब्बीचा टोमॅटो उभा राहू शकतो. भाव पडला की रस्त्याकडेला फुलांचे ढीग दिसतात, हेही खरे; पण तेव्हाही मुळांचे काम झालेले असते.

निंबोळी पेंडेचे काय? ती उपयोगी आहेच, पण तिचे श्रेय कडुनिंबातल्या एकट्या अझाडिरॅक्टिन या द्रव्याला देता येत नाही. पेंड कुजताना सुटणारा अमोनियाही सूत्रकृमींना मारतो. त्यामुळे पेंड भरपूर लागते आणि लागवडीपूर्वी कुजायला वेळही लागतो. मोहरी चिरून गाडली की तिखट आयसोथायोसायनेट वायू निघतो, जो मेटॅम सोडियम या रासायनिक धुरीच्या वायूचाच भाऊबंद आहे. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी समजण्याचे कारण नाही. शिवाय मोहरीच्या अनेक जातींवर मूळगाठ सूत्रकृमी वाढतो. गाडायला उशीर झाला, तर आपणच त्याला महिनाभर जेवू घातलेले असते. झेंडूतही तण माजू दिले तर कृमी त्या तणांच्या मुळांवर तग धरतो, आणि रान राखले तरी फायदा बहुधा पुढच्या एकाच पिकापुरता टिकतो.