शिक्षेबाहेरचे हक्क

जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही हिरावून घेता येत नाही, असे राज्यघटनेचे अनुच्छेद 21 सांगते, आणि हे संरक्षण केवळ नागरिकांना नव्हे तर प्रत्येक व्यक्तीला असल्यामुळे बंदिवानही त्याच्या कक्षेत येतो. या तत्त्वाची एक महत्त्वाची कसोटी एका मराठी पुस्तकामुळे लागली, ही गोष्ट मराठी वाचकांना अधिक परिचित असायला हवी होती. 1962 मध्ये जाहीर झालेल्या आणीबाणीत भारत संरक्षण नियमांखाली, म्हणजे खटल्याविना, मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथे ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मात्र राज्य सरकारने नाकारली. नियमांनी दिलेल्या सवलतींपलीकडे स्थानबद्धाला काहीच मागता येत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: पुस्तक बाहेर पाठवण्यास नियमांची मनाई नसेल, तर ते अडवणे हेच व्यक्तिस्वातंत्र्यावरील अतिक्रमण होय. मागण्याचा भार बंद्यावर नाही, मनाईचा आधार दाखवण्याचा भार सरकारवर आहे, हे या निर्णयाचे मर्म आहे.

पुढे 1978 च्या सुनील बत्रा खटल्यात एकांतकोठडी आणि बेड्यांबाबतच्या तुरुंग प्रशासनाच्या मनमानीला न्यायालयाने लगाम घातला; तुरुंगातील कामे जातीनुसार वाटणाऱ्या नियमांना घटनाबाह्य ठरवायला मात्र ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला, हा विलंब क्लेशदायक आहे.

हक्क मान्य होऊनही तो बजावण्याची वाट तुरुंगाच्या कचेरीतूनच जाते, ही खरी अडचण आहे. 1978 च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याला दिल्याची त्याची लेखी पोच तुरुंगाकडे नव्हती, आणि प्रतीशिवाय अपील करणार कसे? निकालाची प्रत विनामूल्य, तत्परतेने व पोच घेऊन द्यावी आणि गरजू कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बजावले. देशातील सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले, असल्याने हक्क बजावण्याचा हाच प्रश्न आजही कळीचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद वगळता, कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी शिक्षा न झालेल्याने एक तृतीयांश काळ, कोठडीत काढल्यास तो सुटकेस पात्र ठरतो. ही मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे.