मिरगाच्या आत छप्पर

तुडीलमध्ये घराचं काम दिवाळीनंतर निघतं आणि मिरग लागायच्या आत त्यावर छप्पर चढवावं लागतं. हाती येतात जेमतेम सात महिने. सावित्रीच्या खाडीलगतच्या महाडच्या या खाडीपट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्यामुळे सिमेंटचा भाव विचारायच्या आधी कालनिर्णय काढून बसावं. इथली घरं रखडतात ती बहुतेक वेळा महागाईपेक्षा महिना चुकल्यामुळे. एप्रिलचं काम मेअखेरीस गेलं की ते पुढच्या दिवाळीवरच जातं, आणि पावसाळाभर उघडा राहिलेला माल फुकट जातो तो वेगळाच.

कागदांची कामं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात उरकावीत. तेव्हा सगळ्यांची कामं बंद असतात, तलाठी जागेवर सापडतो आणि गणपतीला मुंबईची माणसं गावी येतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवं उभं करायचं असलं तरी जागा क्वचितच एकाच्या नावावर असते. आजोबांच्या पश्चात चुलते, आत्या, त्यांची मुलं, कुणी डोंबिवलीला, कुणी आखातात. आधी वारसनोंद, मग संमतीपत्र. फोनवर ‘बांध रे, माझं काय जातंय’ म्हणणारा चुलतभाऊ भिंती खिडकीच्या उंचीला आल्यावर हरकतीचा अर्ज देऊ शकतो, आणि त्याच्या बाजूने कायदाही असतो. सह्या गणपतीतच घ्याव्यात, मोदक पोटात असताना.

गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीकडे नमुना ८ चा उतारा असतो. पुष्कळांना तो मालकीचा पुरावा वाटतो. खरं तर ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. बँक कर्जाला नाही म्हणते ती इथेच. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचं काम हाती घेतलं गेलं. ती पत्रिका निघाली असेल तर बँकेच्या मॅनेजरशी बोलणं सोपं जातं. घर गावठाणाबाहेर शेतजमिनीत बांधायचं असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये सोपी वाट आहे. जमीन विकत घेणार असाल तर सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या कलम ४३ ची नोंद आहे का तेवढं आधी बघा. असली तर सरकारी परवानगी लागते की नजराणा भरून भागतं, ते तपासल्याशिवाय खरेदी करू नये.

घरकुल मंजूर झालं असेल तर पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगरी भागासाठी १ लाख ३० हजार अशी मूळ रक्कम ठरलेली, घर किमान २५ चौरस मीटरचं, आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस वेगळे. पैसे टप्प्याटप्प्याने येतात: जोतं झालं, फोटो काढला, पुढचा हप्ता. म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. हप्ता यायला उशीर झाला तर पाऊस काही थांबत नाही. म्हणून दोन टप्प्यांपुरती रोकड हाताशी असल्याशिवाय जुनं घर पाडू नये, असं मी तरी म्हणेन.

आता जागा. महाड-पोलादपुरात सपाट जागा शेतीला जाते आणि घर उताराला. उतार कापून घरापुरती पट्टी काढायची ही जुनीच रीत, पण पूर्वी ती कुदळीने निघायची, त्यामुळे कापही माणूसभर उंचीचा असायचा. आता जेसीबी एका दिवसात पंधरा-वीस फूट उभा कडा कापून देतो. त्या कड्यावरची माती मुरूम-दगडाची मिसळ असते. पावसाचं पाणी मुरून तिच्यात भरलं की तिचं वजन वाढतं, कणांची आपसातली पकड सुटते, आणि खालचा आधार तर आपणच काढलेला असतो. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं; ८० हून अधिक माणसं दगावली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूरच्या साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यातही घरं गाडली गेली. तिथे सगळीकडे जेसीबीचाच दोष होता असं नव्हे. डोंगर वरूनच सुटला. पण आपल्या परसातला कडा आपल्या हातात असतो.

म्हणून काप एकसंध उभा न ठेवता पायऱ्यांनी कापावा. घर आणि कडा यांच्यात, जागा पुरेल तेवढं, अंतर सोडावं. कड्याच्या माथ्यावर आडवा चर खणून वरचं पाणी बाजूच्या ओहोळाला वळवावं. हा चर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. खाली संरक्षक भिंत घालणार असाल तर तिच्यात पाणी बाहेर पडायला पाइपची तोंडं ठेवा. नाहीतर भिंतीमागे पाणी तुंबतं आणि तीच भिंत ढकलून देतं. पावसात माथ्यावर नवी भेग दिसली, झाड कललं किंवा नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला तर त्या रात्री तिथे झोपू नये.

खाडीकडच्या खालच्या जागेचं दुखणं उलटं. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, आणि तिथे जुलै २०२१ मध्ये २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. ते पाणी उतरत असताना खाडीला भरती असली की ते मागे तुंबतं. नकाशात पूररेषा शोधण्याआधी शेजारच्या म्हातारीला विचारावं, २००५ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. तिने भिंतीवर हात ठेवून दाखवलेल्या खुणेच्या वर जोतं घ्यावं.

पाया काळ्या दगडात आणि भिंती जांभ्याच्या, ही इथली चालत आलेली जोडी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेत सुकत जाऊन टणक होतो. म्हणून आज काढलेला चिरा उद्या भिंतीत घालू नये. खाणी पावसात पाण्याने भरतात, तेव्हा दिवाळीनंतर खाण सुरू झाली की लगेच माल मागवून जागेवर रचून ठेवावा. पंधरा इंच लांब, नऊ रुंद, सात जाड असा चिरा तीस-पस्तीस किलो भरतो. गाडी उतरवताना प्रत्येक चिऱ्यावर दुसरा हलकेच वाजवून बघावा: घट्ट चिरा खणखणतो, पोकळ किंवा मातीच्या शिरेचा बद्द वाजतो. बद्द वाजलेले बाजूला काढून गाडीवाल्याला तिथल्या तिथे दाखवायचे. पैसे दिल्यावर ते ऐकू येत नाहीत.

तळमजला आणि वर कौलं एवढंच घर हवं असेल तर नऊ इंची जांभ्याची भिंत ते वजन आरामात पेलते. जोत्याला आणि खिडक्या-दारांच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला की भूकंपातही ती एकत्र हलते. कोयना इथून फार लांब नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो धक्का अजून कुणाकुणाच्या आठवणीत आहे. पण आता जो तो कॉलम उभे करतो, ‘पुढे मजला चढवू’ म्हणून. मजला पंधरा-पंधरा वर्षं चढत नाही, आणि गच्चीवर उघड्या राहिलेल्या सळ्या खाडीच्या हवेत गंजत राहतात. त्यावर पुढे बांधणं धोक्याचं. कॉलम घालायचेच तर इंजिनिअरकडून नकाशा आणि सळईचं कोष्टक काढून घ्या. ‘मी एवढी घरं बांधली’ हे मिस्त्रीचं वाक्य त्या कोष्टकाची जागा घेत नाही. महाड शहरात २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

वाळू हा खाडीपट्ट्यातला नाजूक विषय, कारण ती दारातच आहे. रात्री कुठूनतरी आलेली स्वस्त गाडी बेकायदा असू शकते, आणि खारी तर असतेच. मीठ काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काही वर्षांत स्लॅबच्या खालचे पापुद्रे गळायला लागतात. खाडीची वाळू वापरायचीच तर गोड्या पाण्याने धुवून, आणि जिभेवर ठेवून बघूनच. नाहीतर खडीच्या क्रशरवरची क्रश सँड घ्यावी. वाळूतला गाळ तपासायला काचेची बाटली पुरते. अर्धी बाटली वाळू, त्यावर पाणी, चांगली हलवायची आणि दोन-तीन तास ठेवून द्यायची. वाळू खाली बसते, तिच्यावर मऊ गाळाचा वेगळा थर दिसतो. तो वाळूच्या आठ टक्क्यांहून जाड असला तर गाडी परत. आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट; डंपर रिकामा व्हायच्या आत टेप घेऊन हौदा मोजायचा. ओली वाळू फुगते, त्यामुळे मोजून घेतलेलीही सुकल्यावर कमी भरते, तेही धरून चालायचं.

स्लॅबच्या दिवशी अर्धा गाव जमतो. कुणाच्या घरी नारळ फुटतो, कुणाच्या घरी फातिहा होते, दुपारी सगळ्यांना मटणभाकरी. या गडबडीत घरमालकाने एकाच ठिकाणी उभं राहायचं: मिक्सरपाशी, पाण्याच्या डब्याजवळ. नेहमीच्या एम-२० काँक्रीटला ५० किलोच्या एका गोणीमागे ३० लिटर पाणी ही वरची हद्द आहे, वाळूतली ओल धरून. कामगाराला घमेलं ओतायला सोपं जावं म्हणून तो आणखी अर्धी बादली ढकलतो. माल छान पसरतो, आणि जास्तीचं पाणी नंतर उडून गेलं की त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात. कोकणातला स्लॅब गळतो तो त्या अर्ध्या बादलीने. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक आहेत का तेही ओतण्याआधी बघून घ्या; पावसाला उघड्या स्लॅबला तीस मिलिमीटर तरी हवं.

हिशेब असा: ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास काँक्रीट. त्याला बीम सोडून सत्तावन्न-अठ्ठावन्न गोण्या सिमेंट आणि सतराशे लिटर पाणी. खरं पाणी पुढे लागतं. दुसऱ्या दिवशी वाफे घालून दोन इंच पाणी कोंडायचं तर एका वेळेला अठ्ठावीसशे लिटर, आणि उन्हात आटेल तसं रोज भर घालायची, दोन आठवडे. एप्रिल-मे महिन्यात इथे विहिरी तळाला गेलेल्या असतात. वाड्यांवर प्यायला टँकर येतो, आणि त्या दिवसांत तुमच्या गच्चीवर तळं भरलेलं शेजाऱ्यांना बघवत नाही, यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून स्लॅब फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पडेल असं काम मागून मोजत आणावं. उशीर झालाच तर गोणपाटं अंथरून ती सतत ओली ठेवा, कमी पाण्यात भागतं. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे न्यायची घाई असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस हलवू द्यायचे नाहीत.

एवढं करूनही तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात बहुतेक लोक स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. म्हणजे एका घराला दोन छपरं आणि दोन्हींचे पैसे. मग सुरुवातीलाच आढं, वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं का नकोत? कारण विचारा, उत्तर येतं: वानरं. तेही खरं आहे. टोळी एकदा छपरावरून गेली की पंचवीस कौलं बदलावी लागतात. लोखंडी पाइपाच्या कैचीवर पत्रा आणि त्याखाली हवा खेळेल असा माळा, ही मधली वाट हल्ली बरीच दिसते. पत्रा मात्र नुसता ठेवून चालत नाही. ३ जून २०२० ला, मिरगाच्या तोंडावर, निसर्ग वादळ आलं तेव्हा ज्यांच्या कैच्या भिंतीतल्या पट्ट्याला सळईने बांधलेल्या नव्हत्या त्यांची अख्खी छपरं शेजारच्या आंब्यावर जाऊन बसली.

ठेकेदाराशी भांडण होतं ते दरावरून थोडं आणि मोजमापावरून जास्त. मजुरीचा दर चौरस फुटावर ठरतो. पण फूट कशाचे? छज्जा धरायचा का, जिना एकदा मोजायचा की दोनदा, ओट्याच्या पायऱ्या, पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा कुणाकडे? हे सगळं साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही करावी. पैसे झालेल्या कामाच्या मागे एक पाऊल ठेवावेत. मेमध्ये तर ठेकेदाराची चार घरं एकदम छपराला आलेली असतात, आणि ज्याच्याकडे त्याचे पैसे अडकलेत त्याच्याकडे तो आधी जातो.

मिरग लागला, छप्पर आहे, तर पुढचं काम पावसातही निघतं: आतलं प्लास्टर, फरशी, वायरिंग. प्लास्टर दमट हवेत सावकाश सुकतं, ते त्याच्या पथ्यावरच पडतं. रंगाची घाई मात्र करू नये. ओल्या भिंतीवरचा रंग गणपतीपर्यंत फुगतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस खडू घेऊन घरात फिरावं आणि जिथे ओल दिसेल तिथे खूण करून ठेवावी. भिंत सुकल्यावर ओल शोधून सापडत नाही; खूण असली की दसऱ्यानंतर मिस्त्री पुन्हा येईल तेव्हा त्याला बोट ठेवून जागा दाखवता येते. याच दिवसांत ग्रामपंचायतीत नव्या घराची आकारणी लावून घ्या आणि बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं मीटर बदलून घरगुती करून घ्या, कारण तात्पुरत्या मीटरचं बिल घरगुती दराने येत नाही.